डोंगराला फुटलेला पान्हा

झऱ्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. कळशा, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, एकीच्या हातात तर बाळाची दुधाची बाटली. वरून पावसाची धार, खाली चिखल. आमच्या आजेसासूच्या काळापासून जो झरा काचेसारखा स्वच्छ यायचा, त्यातून त्या दिवशी पांढरंफेक पाणी येत होतं. बायका डोळे पुसत होत्या. बाजूच्या उंच कातळावर बुवा उभा होता. त्याच्या डोक्यावर छत्री धरायला एक माणूस होता, आणि तो माणूस माझा जावई होता.

"डोंगराला पान्हा फुटलाय," बुवा सांगत होता. "आई लेकराला ओळखते, तसं डोंगरानं तुम्हाला ओळखलंय. हे दूध प्या, अंगाला लावा, घरात शिंपडा. वादळ येऊ दे, पूर येऊ दे, तुमच्या घराचं कौलसुद्धा हलणार नाही."

आणि पुरावा म्हणून एक मडकं फिरत होतं. त्यात घट्ट दही. म्हणे, याच पाण्याला विरजण लावलं होतं.

हा बुवा दोन वर्षांपूर्वी बाजारात उंदराचं औषध विकायचा. आवाज तेव्हाही असाच गोड होता. फरक एवढाच की तेव्हा उंदीर मरायचे.

मी चौथीत शाळा सोडली, पण दूध काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. लग्न झाल्यापासून गोठा सांभाळते आणि दूध विकते. मी ओंजळभर पाणी घेतलं, बोटांत चोळलं. दुधाला एक ओशटपणा असतो. हे पिठासारखं बोटांना धरत होतं.

"हे दूध नाही. ही माती आहे," मी म्हणाले.

मागून आवाज आला, "काकूंचा धंदा बसणार ना आता. डोंगर फुकट वाटतोय."

लोक हसले. बुवानं लगेच तो धागा पकडला. "बाई विकते, डोंगर देतो. बाईला राग येणारच."

"मग आत्ता इथे सगळ्यांसमोर विरजण लाव," मी म्हणाले. "उद्या बघू दही लागतं का."

"संशयी माणसाच्या नजरेखाली दही लागत नाही, बाई."

"माझ्या घरी तर रोज लागतं. आणि माझ्याइतकं संशयी माणूस या गावात दुसरं नाही."

थोडे हसले, पण रांग काही हलली नाही. माझं किराणा दुकान असतं तर कदाचित ऐकलं असतं. दूधवालीनं दुधाला नावं ठेवली, म्हणजे तिच्या पोटात दुखतंय, एवढंच लोकांना कळलं.

घरी येऊन मी सुनेला ही मजा सांगितली. ती शाळेत भूगोल शिकवते. आमचं दोघींचं बेताचंच जमतं. तिला माझा चहा फार गोड लागतो आणि मला तिचं बोलणं फार अळणी. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आई, ताईंच्या घराची दारं नीट लागतात का?"

"दाराचा इथे काय संबंध?"

"लागतात का, ते सांगा."

तेव्हा मला आठवलं. सकाळीच दूध न्यायला आलेला सुतार खुशीत होता. डोंगराखालच्या आळीत घरोघरी दारं अडायला लागलीत, रंधा मारून मारून हात दुखले म्हणाला. मी सुनेला तसं सांगितलं. तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि चपला घातल्या.

माझी लेक त्या आळीत दिली आहे. झऱ्यापासून तिचं घर हाकेच्या अंतरावर. वाटेतच सुनेनं विजेचा खांब दाखवला. तो डोंगरापासून खाली उताराकडे कलला होता, तारा एका बाजूला ताणलेल्या, दुसऱ्या बाजूला लोंबत होत्या. लेकीच्या घराचं दार दोनदा तासूनही अर्ध्यावर अडत होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला इतकी फट की माझी बोटं आत गेली. लेकीनं तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं, ते एका कडेनं सुटलं होतं. माझा नातू, अजून नीट चालतही नाही, त्या भिंतीला टेकून वाटी वाजवत बसला होता.

"बुवांनी सांगितलंय," विहीणबाई म्हणाल्या, "दार लागत नाही म्हणजे कृपा आत येतेय. तिला अडवायचं नाही."

सून म्हणाली, "मावशी, डोंगर सरकतोय. एवढ्या पावसानं आत पाणी भरलंय, आतली चिकणमाती सुटून झऱ्यातून येतेय, म्हणून पाणी पांढरं. जमीन खाली ओढली जातेय, म्हणून चौकटी तिरक्या झाल्या, दारं अडली, खांब कलला. ही सगळी एकच गोष्ट आहे."

"हे शाळेत पोरांना सांगा. डोंगर इतकी वर्षं इथेच आहे."

"इतक्या वर्षांत त्यानं दूधही दिलं नव्हतं, विहीणबाई," मी म्हणाले.

त्या फणकाऱ्यानं आत गेल्या. लेक हळू आवाजात म्हणाली, "आई, मी घर सोडून आले तर यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं. हे तिथे छत्री धरतात."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझंच रक्त ते. मी दोन काचेचे पेले मागून घेतले. एकात माझ्या गोठ्यातलं दूध, दुसऱ्यात झऱ्याचं पाणी. दोन्ही फडताळात ठेवले. "सकाळी बघ," म्हणाले. "दुधाचं चांगलं ते वर येतं. मातीचं सगळं खाली बसतं. तुझ्या डोळ्यांना काय दिसेल ते खरं मान, माझं नको मानूस."

सुनेनं तहसील कचेरीत फोन केला. साहेब दौऱ्यावर होते. मग ती भर पावसात आळीतल्या दारोदार फिरली. तीन घरं ऐकून उठली. बाकीच्यांनी तिला चहा विचारला.

सकाळी लेक माझ्या दारात. कडेवर पोर, खांद्यावर पिशवी. सुनेनं सांगितलं होतं तेच आणि तेवढंच पिशवीत भरलेलं: घराचे कागद, पोराचं औषध, बॅटरी, कोरडे कपडे, पाण्याची बाटली. "पेल्याच्या तळाशी चिखल बसलाय," ती म्हणाली. "मी यांना दाखवला. हे म्हणाले, जा दोन दिवस माहेरी, आईंचं समाधान होईल."

तिला घरात घेतलं आणि मी छत्री उचलली. आता जावयाला आणायचं होतं.

झऱ्यापाशी आदल्या दिवसापेक्षा दुप्पट माणसं होती. पण आवाज नव्हता. झरा बंद पडला होता. एवढा पाऊस कोसळत असताना एक थेंब येत नव्हता.

"कुणीतरी संशय घेतला," बुवा कातळावरून म्हणत होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "पान्हा आटला. आता सगळे जवळ या. मुलाबाळांना घेऊन या. डोंगराच्या पायाशी बसा, हात पसरा. जो जागा सोडेल त्याच्याच घरावर कोप होईल."

सून माझ्या मागोमाग धावत आली होती. जन्मात तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "पाणी आटलेलं नाही, आत तुंबलंय. ते आता डोंगर घेऊन बाहेर पडेल. पळा इथून, बाजूला पळा, शाळेच्या टेकाडावर चला."

काही बायका उठल्या. काहींनी उठलेल्यांना हाताला धरून बसवलं.

मी कातळावर चढून जावयाची बाही धरली. "पोराचा बाप आहेस. चल."

"आई, सगळ्यांसमोर नको," तो म्हणाला. बाही सोडवून घेतली आणि गर्दीला जागा करून द्यायला खाली उतरला.

सून, मी आणि उठलेल्या बायका टेकाडाच्या अर्ध्यावर होतो तेव्हा खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला. फक्त तो थांबला नाही. मी मागे वळून बघितलं तेव्हा आळी नव्हती. खांब नव्हता. जिथे माणसं हात पसरून बसली होती तिथे ओली, पांढरी माती होती, आणि ती अजून हळूहळू पुढे येत होती.

जावई तिसऱ्या दिवशी मातीखाली सापडला. विहीणबाई अजून सापडल्या नाहीत. आमच्याबरोबर उठून आलेल्या बायका वाचल्या. बसवून ठेवलेल्या गेल्या.

बुवा वाचला. तो कातळावर होता, आणि तो कातळ जागचा हलला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं भाड्यानं घेतलेली खोली पोलिसांनी उघडली, तेव्हा तिथे दूध पावडरीची पाकिटं निघाली, विरजणाची मडकी निघाली आणि विकतच्या पाण्याची खोकी निघाली. डोंगराच्या दुधाचा एक घोटही त्या माणसानं घेतला नव्हता. पोलिसांना म्हणाला, मी कुणाला बांधून ठेवलं नव्हतं, ते श्रद्धेनं बसले. खटला चालू आहे. चालू द्या. त्यानं माती उपसली जात नाही.

माझी लेक आता माझ्याकडेच असते. कमी बोलते. एकदा विचारलं तिनं, "तू त्यांना ओढून का नाही आणलंस?" मी म्हणाले, ओढलं होतं. ती उठून पोराला घ्यायला गेली.

चमत्कार करणाऱ्याला फार कष्ट नव्हते. जे डोंगर ओरडून सांगत होता, तेच त्यानं उलटं करून सांगितलं. धोक्याला कृपा म्हटलं, आणि कृपा सोडून कोण पळतं? माझ्यासारख्या कमी शिकलेल्या बाईला एवढं कळतं, तर तुम्हाला न कळायला काय झालं?

तुमचं घर डोंगराखाली असेल, तर भिंतीला नवी भेग पडली की तिच्यावर कागद चिकटवू नका. चांगलं लागणारं दार अडायला लागलं तर सुताराआधी डोंगराकडे बघा. गरजेची पिशवी भरून दाराशी ठेवा, आणि कुठल्या वाटेनं कुठे जायचं ते घरातल्या लहान पोरालाही पाठ असू द्या. चार लोक हसतील. हसू द्या, हसण्यानं कुणी मरत नाही. स्वच्छ झऱ्याचं पाणी पांढरं झालं, किंवा भर पावसात आटलं, तर कुणाला विचारत बसू नका. भांडी राहू द्या. मुलं उचला आणि निघा.