दुपारच्या शिव्या

हे सांगतानाही मला राग येतोय, तेव्हा कुणी मला शांत हो म्हणू नका. 'शांत हो' म्हणणाऱ्यानेच सगळा घोळ घातला.

माझ्या नवऱ्याला, थेमेलीसला, मागे ताप आला आणि तो मेंदूत गेला. ताप उतरला, पण डोक्यातलं बरंच काही धुऊन घेऊन गेला. मी कोण हे त्याला सांगता येत नाही. 'बाई, जरा पाणी देता का,' म्हणतो. एवढा संसार केला आणि आता मी बाई. पण रोज सकाळी टोपी घालून तो उतार उतरतो, बंदरावर कॉफी पितो, सोंगट्या खेळतो आणि देवळाची दुपारची घंटा झाली की उठून घरी येतो. कुणी न सांगता.

रोड्स बेटावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आठवणींचा कप्पा वेगळा आणि सवयींचा वेगळा. यांचा पहिला गेलाय, दुसरा शाबूत आहे. ओळखीची खूण मिळाली की पाय आपसूक चालतात. ती खूण कुठली, ते मला नाही सांगता येणार. म्हणून काहीच बदलू नका."

मी काही बदललं नाही. दाराचे पोपडे निघालेत, निघू दे म्हटलं. ईस्टरच्या आधी सगळी गल्ली चुना मारत होती, मी ब्रशला हात लावला नाही. शेजारची फानी म्हणाली, "सेवास्ती, यंदा भिंत तशीच?" म्हटलं, तुला बघवत नसेल तर पाठ फिरवून बस.

आणि मग आमचा मुलगा आला. मिकेस. अथेन्सला असतो, कंपन्यांतल्या लोकांना सवयी कशा लावाव्यात, हुरूप कसा आणावा हे शिकवतो. लोक त्याचे पैसेही देतात. त्यांच्या घरी आई नसेल.

आल्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी हातात पळी घेऊन दारात उभी राहिले आणि सुरू केलं, "अरे मेल्या थेमेलीस, हे घर आहे की खानावळ? सूप गार झालं, मांजरं पातेल्यात तोंड घालतायत आणि तू बसलायस सोंगट्या कुरवाळत. त्यांच्याशीच लग्न लावायचं होतंस, मला कशाला आणलंस?" लग्न झाल्यापासून माझी दुपार अशीच होते. माझा आवाज खालच्या हौदापर्यंत जातो, तिथे वाट फुटते. डावीकडे आमचं घर आणि सरळ गेलं की जुनी खाण.

थेमेलीस आला, खिळ्याला टोपी अडकवली, हात धुतले, जेवायला बसला. मिकेसने मात्र चमचा खाली ठेवला.

"आई, आजारी माणसाला असं बोलतात?"

"त्याला काय कळतंय? आणि मी काय त्याच्यासाठी बोलते? माझ्या जिवासाठी बोलते."

"आरडाओरड्याने माणूस आकसतो. मी हेच शिकवतो ना. सवयीला खूण लागते आणि शेवटी काहीतरी गोड लागतं. बाबांना डोळ्यांना दिसेल अशी खूण देऊ. आणि तू शांत हो. एक आठवडा माझ्या पद्धतीने चालू दे, नाहीतर मी त्यांना अथेन्सला नेतो. तिथे चांगला वृद्धाश्रम आहे. तसंही ते एकदा जरी वाट चुकले, तर मी त्यांना इथे ठेवणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हो म्हटलं. त्या वृद्धाश्रमात ना उतार, ना बंदर, ना सोंगट्या. तिथे थेमेलीस खुर्चीत बसून नुसता वाळला असता.

दुसऱ्या दिवशी या उंटावरच्या शहाण्याने हौदापाशी मासेमारीच्या जाळ्याला बांधतात तो तरंगता, पिवळाधमक बोया टांगला. मला दारात खुर्ची दिली आणि म्हणाला, हस. घंटा झाली. मी हसत बसले, दातखीळ बसल्यासारखी. सूप गार झालं. मांजर पातेल्यापर्यंत गेलं, त्यालाही काही बोलले नाही.

थेमेलीस आला नाही.

तेवढ्यात फानी धापा टाकत वर आली. "अगं, तुझा नवरा हौदापाशी थांबला, बराच वेळ थांबला, आणि सरळ खाणीकडे गेला."

आम्ही धावलो. हौदापाशी मिकेसने माझा दंड धरला. "बघितलंस? आता तरी कळलं, त्यांना इथे ठेवणं धोक्याचं आहे?"

मग माझा ताबा सुटला. "मुडद्या," म्हटलं, "बापाला घालवलंस आणि वर मलाच विचारतोस? बोया बांधतो, हस म्हणतो. तुझ्या शहाणपणाला आग लागो. घरात सूप गार झालंय, मांजरं पातेल्यात पडलीत—"

"आई, शांत हो, लोक बघतायत."

"बघू देत. फुकट आहे."

मी आणखीही बरंच बोलले, ते सांगण्यासारखं नाही. बोलता बोलता पाहिलं तर मिकेस माझ्याकडे बघतच नव्हता.

खाणीच्या वाटेवरून थेमेलीस येत होता. सावकाश, टोपी हातात घेऊन. आमच्याशेजारून गेला, बोयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, डावीकडे वळला आणि घरात शिरला. आम्ही पोचलो तेव्हा टोपी खिळ्याला होती आणि तो हात धूत होता.

मिकेस ओट्यावर बसला. म्हणाला, "खूण तू होतीस. आई, आपण तुझा आवाज रेकॉर्ड करून ठेवू..." मी पायातली चप्पल काढली. बोया त्याने स्वतःच सोडवला, आणि अथेन्सचं नाव पुन्हा काढलं नाही.

मिकेस परत गेला त्या दिवशी दुपारी मी दारात उभी राहिले आणि मला शब्द फुटेना. या माणसाच्या डोक्यातून माझं नाव गेलं, तोंड गेलं, लग्नातलं गाणं गेलं, आणि राहिलं काय, तर माझी भांडखोर जीभ. त्याचा राग कुणावर काढायचा? मी रडायला लागले. बराच वेळ रडले.

खाली हौदापाशी थेमेलीस उभा होता. घंटा होऊन गेली होती. इकडे बघत होता, तिकडे बघत होता, पाऊल उचलत नव्हता.

मी ॲप्रनने नाक पुसलं, पळी उचलली आणि म्हटलं, "अरे मेल्या, घर आहे की खानावळ?"

तो डावीकडे वळला.