अख्खी गोळी

सासऱ्यांचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं वाढलं तशी सासूबाई मधूनच एखादी जास्तीची देऊ लागल्या आणि महिना भरायच्या आधीच गोळ्या संपल्या. सून हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर गेली. तिथल्या फार्मासिस्टबाईंनी सांगितलं, की ही गोळी ठरल्या तारखेआधी देता येत नाही. डोस वाढवायचा असेल तर डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणा. तो शनिवार होता. डॉक्टर सोमवारी येणार होते.

ते दोन दिवस सासरे उशी दातांत धरून पडून राहिले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला दणकट माणूस, पण कुशीवर वळवलं तरी कळवळायचा. सासूबाई पायथ्याशी बसून होत्या. सोमवारी नवी चिठ्ठी मिळाली, डोस वाढला, आणि सुनेला वाटलं, सुटलो एकदाचे.

पुढच्या वेळी ती खिडकीवर गेली तेव्हा मात्र फार्मासिस्टबाई चिठ्ठी हातात घेऊन थबकल्या.

"या वेळी आठवडाभर उशिरा आलात. त्यांना गोळी पूर्ण मिळतेय ना?"

सून घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. सासूबाईंनी काही लपवलं नाही. फडताळातून एक डबा काढून तिच्यापुढे ठेवला. आत सगळ्या अर्ध्या गोळ्या.

"पुन्हा संपल्या तर?" त्या म्हणाल्या. "ते मला परत बघवणार नाही गं."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्यांचा चेहरा बघून ती त्यांच्या शेजारी बसली. यापुढे गोळ्या संपत आल्या की आधीच डॉक्टरांना फोन करायचा, असं तिने त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं.

संध्याकाळची गोळी तिने स्वतः दिली. सासऱ्यांनी ती तोंडात घोळवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"आज अख्खी आहे."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तुटलेली कड जिभेला लागते." जरा दम खाऊन ते म्हणाले, "तिला बोलू नकोस. मी गिळली की तिच्या जिवात जीव येतो."

त्यानंतर त्यांना झोप लागू लागली. पण हातात फार दिवस उरले नव्हते. पंधरवड्यातच ते गेले.

भेटायला येणाऱ्यांना सासूबाई सांगायच्या, की शेवटी त्यांचे फार हाल झाले नाहीत, मी गोळ्या कमी पडू दिल्या नाहीत. सून शेजारीच बसलेली असायची. कुणी तिच्याकडे पाहिलं, की ती हो म्हणायची.