नवा पत्ता

नवऱ्याला सोडल्यावर मी दोनदा घर बदललं, आणि दोन्ही वेळा तो आठवड्याच्या आत दारात हजर. दुसऱ्या वेळी तर माझं मनगट मोडूनच गेला. पत्ता मी कुणालाच सांगितला नव्हता, अगदी आईलाही नाही. फक्त ओळखपत्रावर नोंदवला होता. त्याशिवाय दवाखान्यात केसपेपरही निघत नाही.

सरकारी संकेतस्थळावर एक पान असतं, 'तुमची माहिती कोणी पाहिली'. तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी बघितलं. दोन्ही वेळा एकच नाव, माझ्या नणंदेचं. बाईसाहेब नोंदणी कार्यालयात खिडकीवर बसतात.

मी तिच्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. मान वरही न करता ते म्हणाले, "कामानिमित्त पाहिलं असेल हो. लोकांना हल्ली उगाच संशय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण "बरं" म्हणून उठले.

मी लोकांच्या घरी राहून आजाऱ्यांची सेवा करते. याच साहेबांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला बाई हवी आहे, असं एजन्सीतून कळलं आणि मी धावतच गेले. साहेबांनी मला ओळखलंही नाही. ओळखायला आधी बघितलेलं असावं लागतं. तिथेच राहायला खोली मिळाली, त्याच दिवशी मी ऑनलाइन पत्ता बदलला. सगळं कसं कायदेशीर! हे घर कुणाचं, ते नणंदेला ठाऊक नसावं, एवढाच काय तो जुगार होता.

रविवारी दुपारी दारावर लाथा बसल्या. दार साहेबांनी उघडलं.

"माझी बायको बाहेर काढ!" नवरा ओरडला. "लपवून उपयोग नाही. माझी बहीण कॉम्प्युटरवर सगळं बघते!"

मी आत म्हातारीला सूप भरवत होते. थेंबही सांडला नाही. साहेबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. पोलीस त्याला घेऊन गेले आणि सोमवारी साहेबांनी नणंदेला घरी बसवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले. खोटं कशाला बोलू, जेवण गोड लागलं.

पुढे तो जामिनावर सुटला आणि थेट बहिणीकडे जाऊन राहिला. मग तिचा फोन आला.

"वहिनी, घेऊन जा गं त्याला. नवरा आहे तुझा."

"मारतो का तुला?"

ती नुसती मुसमुसत राहिली. 'नीघ तिथून, माझ्याकडे ये,' असं म्हणायला हवं होतं. अगदी ओठांवर आलंही.

"भाऊ आहे तुझा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.