हळदीच्या बाजारात ऐकणारा भोपळा

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? ‘हे माझंच’ म्हणणाऱ्यावर, की ‘हे मला सुचलं नव्हतं’ म्हणणाऱ्यावर? घाई नाही. मी एक भोपळा बोलतोय. वेलीला लोंबकळत वाट बघायची आमची जुनी सवय आहे.

भीमेकाठी वाढलो, वाळलो, आतून पोकळ झालो, आणि मला स्वप्नं पडू लागली. वाटायचं, मिरजेत तंबोरा होईन, कुणाच्या तरी सुरात डुलत राहीन. मिरजेला तंबोरे करणाऱ्या नाथाजींकडे पोचलोही. पण एक्क्याण्णव साली तिथे सांगलीचे हळदीचे व्यापारी चिंतामणशेठ आले.

शेठ सातवी शिकलेले, पण रेडिओ उघडून जोडून वायरींची विद्या कमावलेली. त्यांचे थोरले बंधू भाऊसो तापात बहिरे झालेले. पेढीवर सगळे हसले की ते मागाहून हसायचे. त्यांच्यासाठी शेठनी यंत्र केलं. माणूस बोलला की यंत्राला ओळखता येणारे पन्नासेक शब्द संगणकाच्या पडद्यावर उमटायचे. घरात ठीक, बाजाराच्या गलक्यात नुसता चिवडा. चार वर्षं हेच.

शेठनी हे गाऱ्हाणं नाथाजींपुढे मांडलं, तेव्हा त्यांनी मला टिचकी मारली. “शेठ, माईक ह्याच्या पोटात ठिवा की. जवळचा आवाज आत भरतोय, लांबचा भाईरच ऱ्हातोय.”

झालं! पेढीवर माझ्या पोटात शब्द उतरले, आणि भाऊसो पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले. तंबोऱ्याचं स्वप्न मी तिथंच सोडलं.

पेटंट मिळालं तर एक कारखानदार अशी शंभर यंत्रं करणार होता. नाथाजी म्हणाले, माझं नाव कशाला, मी टिचकी तर मारली. शेठनीही आग्रह केला नाही. अर्जात स्वतःचंच नाव घातलं. उत्तर आलं : माईक जुना, पोकळ भांडं जुनं, दोन्ही जोडणं कुणालाही सुचेल; अर्ज नामंजूर.

फेरसुनावणीला शेठनी मला मांडीवर घेतलं. वकील म्हणाले, “शेठ, भोपळा घेऊन चाललात, भोपळाच मिळेल.” वर बजावलं, सगळं मीच शोधलं एवढंच म्हणा.

पेटंट कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, “तुमच्यासारख्या कुणालाही हे सुचलं असतं, नाही का?”

शेठनी माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “साहेब, मला चार वर्षं सुचलं नाही. वायरी जोडणाऱ्या कुणालाच सुचलं नाही. सुचलं ते तंबोरे करणाऱ्या नाथाजींना. त्यांचं नाव मी घातलं नाही, ती चूक माझी.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. “जे सुचायला दुसऱ्या धंद्यातला माणूस लागला, ते सहज सुचणारं कसं म्हणू?”

पेटंट मंजूर झालं, दोन नावांनी. कागद पाहून नाथाजी आपल्या छापील नावावर बोट ठेवून बसून राहिले. आयुष्यभर तंबोरे केले, एकावरही त्यांचं नाव नव्हतं.

आता यंत्रांना प्लॅस्टिकची पोटं आली. मी पेढीच्या फळीवर असतो. हळदीची पिवळी धूळ अंगावर बसते, डोळा लागतो. एकच मागणं आहे. रुपयांचा हिशेब तुम्ही ठेवताच. कुणाकडून काय शिकलात, त्याचाही प्रामाणिकपणे ठेवा, आणि तो माणूस हयात आहे तोवर त्याला वाचून दाखवा.