पाहुण्याची कॉफी

पेलागेयाच्या हातून कॉफी पुन्हा उतू गेली. तिने लांब दांड्याचं पितळी भांडं ओट्यावर आदळलं आणि क्रिमियाच्या किनाऱ्यावरच्या राजवाड्याच्या स्वयंपाकघरात जळका वास पसरला.

"मॉस्कोच्या हॉटेलात मी जनरलांना जेवू घातलंय," ती पुटपुटली. "असले लाड कुणी सांगितले नव्हते."

"आता सांगितलेत," दारातून कॅप्टन ग्रेचिन म्हणाला. "अमेरिकन पाहुणा युद्धाआधी क्रिमियात येऊन गेलाय. फेसाची तातारी कॉफी अजून त्याच्या जिभेवर आहे. वर एवढ्या मोठ्या वाटाघाटी चालल्यात. तो नाराज झाला, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल, मावशी?"

कोपऱ्यात सोन्या बटाटे सोलत होती. कागदोपत्री ती सोफिया बोंदारेन्को, लढाईत मेलेल्या युक्रेनी शिपायाची बायको. आईबापांनी ठेवलेलं साफिये हे नाव घेणारं आता या किनाऱ्यावर कुणी उरलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात क्रिमियातल्या सगळ्या तातारांना जर्मनांचे फितूर ठरवून रशियन शिपायांनी पहाटेच घराबाहेर काढलं आणि आगगाडीत कोंबून उझबेकिस्तानला धाडलं. सोन्याला मेलेल्या नवऱ्याच्या आडनावाने तारलं. तेव्हापासून ती तोंडाला रुमाल बांधून निजायची. झोपेत आपली भाषा बाहेर पडली तर काय, ही धास्ती.

कॉफी तिला येत होती. बापाचं कॉफीचं दुकानच होतं. तरी ती बटाटेच सोलत राहिली.

पेलागेयाने भांडं पुन्हा चुलीवर चढवलं. मॉस्कोहून आल्या दिवसापासून या बाईने सोन्याला रात्री आपल्या पांघरुणात घेतलं होतं, आणि रुमालाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

कडेने फेस चढू लागला. आता उचल, सोन्या मनात म्हणाली. उचल ना. फेस मोडलेली कॉफी पाहुण्याला देण्यापेक्षा दुकान बंद करावं, असं बाप म्हणायचा. पेलागेया नुसती बघत राहिली.

सोन्याचा हात पुढे गेला. तिने भांडं उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं. आधी चमच्याने फेस पेल्यात घातला, मग वरून हळूच कॉफी ओतली. साखरेचा खडा पेल्यात न टाकता बशीत ठेवला, तातारी रीतीने दातांत धरायला.

ती वळली तेव्हा ग्रेचिन हसत होता.

"हाताला चव आहे तुझ्या, सोन्या. तूच घेऊन चल."

वरच्या दालनात अमेरिकन पाहुणा आणि रशियन उपमंत्री कागदांवर वाकले होते. पाहुणा चेहऱ्याने प्रेमळ होता. पेला बघून त्याने छातीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. दुभाष्याचं काम ग्रेचिनकडेच होतं.

"आभारी आहे म्हणतात, पण डॉक्टरांनी कॉफी कधीचीच बंद केलीय. क्रिमियात पहिल्यांदाच आलेत, तरी इथली चव राहूनच जाणार, याचं वाईट वाटतं म्हणे."

सोन्याने बशी टेबलावर ठेवली. कॉफी कुणीच मागितली नव्हती. कॉफीचा बहाणा तिला उघडं पाडायलाच होता.

तिचा उतरलेला चेहरा बघून पाहुण्याने मायेने काही विचारलं.

"घरची माणसं दुरावलीत का, विचारतात," ग्रेचिन म्हणाला. "काळजी करू नकोस म्हणतात. आत्ताच दोन्ही देशांचं ठरलंय. युद्धात विखुरलेल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या माणसांत पोचवायचं. मागे कुणालाही ठेवायचं नाही." त्याने बशीतला खडा उचलून दातांत धरला आणि कॉफीचा घोट घेतला. "तुझी माणसं कुठे आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. पाहुणे थांबलेत. काय सांगू त्यांना?"

सोन्याने ओढणी नीट केली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"साग ओल," ती आपल्या भाषेत म्हणाली. कृपा झाली.

पाहुण्याला ते शब्द आवडले. त्याने ते दोनदा घोळवून म्हटले आणि ग्रेचिनला काही विचारलं.

"हे शब्द रशियन आहेत का, विचारतात," ग्रेचिन ओठावरचा फेस पुसत म्हणाला. "मी हो म्हटलं."

पाहुणा समाधानाने हसला आणि सहीसाठी कागद पुढे ओढला.