नुसता कार्बन

काही अणुकेंद्रे आपला शेवटचा न्यूट्रॉन इतका सैल धरून असतात की, वाटेत भेटलेला हायड्रोजन तो अलगद उचलून नेतो. तसे झाले की पडद्यावरच्या आलेखात उंचवटा कुठे येईल, याचे गणित मी निवृत्तीनंतर घरी बसून मांडले होते. माझाच त्यावर फारसा विश्वास नव्हता. पण सूनबाईने प्रयोगशाळेत तसल्या अणुकेंद्रांचा झोत प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर सोडला आणि उंचवटा नेमका तिथेच आला.

मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आता प्लॅस्टिक काढा, नुसता कार्बन लावा."

यंत्रचालक वैतागला. "मॅडम, दुपारी झोत बंद होणार. सासऱ्यांच्या तोंडचा घास कशाला काढताय?"

"प्लॅस्टिकमध्ये हायड्रोजनबरोबर कार्बनही असतो. उंचवटा कार्बनचा निघाला, तर बाबांचं गणित चुकलं."

"चुकलंच असेल," मी पुटपुटलो.

"बाबा, तुम्ही गप्प बसा बरं!"

दुपारपर्यंत आलेख त्या जागी सपाटच राहिला. म्हणजे उंचवटा हायड्रोजनचाच होता. यंत्रचालकाने हसत हात जोडले.

"आणि कार्बनवरही आला असता तर?" मी भीतभीत विचारले.

"तर घरी जाऊन दोघांनी पुन्हा मांडलं असतं," ती पापुद्रा डबीत ठेवत म्हणाली.

तिने हे इतक्या सहज सांगितले की, माझा उंचवटा शेजारच्या पडद्यावर तसाच असूनही मी तिच्याकडेच बघत राहिलो.