सात सेकंदांची शिवी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या पोटातल्या आवाजाला नवा साक्ष कायदा मानाने दस्तऐवज म्हणतो. मला मात्र सगळे डबडं म्हणतात.

जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला, पण शुद्धीवर आलो ते उधन्यात, माग चालवणाऱ्या छगनच्या खिशात. मागांच्या खडखडाटात त्याला फोनवरचं काही कळत नसे. म्हणून तो प्रत्येक कॉल माझ्यात रेकॉर्ड करी आणि चहाच्या सुट्टीत बाहेर जाऊन पुन्हा ऐके. सहा वर्षं मी त्याचा कान होतो. एकदा त्याने मला शर्टाने पुसून शाबास म्हटलं. त्या एका शाबासकीवर मी अजून दिवस काढतोय.

मग मुकादम गोपालचा तो फोन आला. आधी सात सेकंद छगनच्या आईचा उद्धार, कारण मुकादमाची हॅलो म्हणायची तीच पद्धत. नंतर हुकूम: बिघडलेली मोटर रिक्षात घाल आणि रिवाइंडिंगच्या दुकानात टाकून ये. छगन मला चार्जिंगलाच विसरून निघाला. वाटेत त्याला मोटरचोर म्हणून पकडलं. मुकादम म्हणाला, मी असं काही सांगितलंच नाही. छगन तुरुंगात गेला आणि मी गोडादऱ्याला, त्याच्या घरी, बायको भागीरथीकडे.

भागीरथीला तो कॉल सापडला तेव्हा ती मला छातीशी धरून बसली. पण धनश्री वकीलबाई म्हणाल्या की हे कोर्टात वाजवलं जाईल, आणि घोळ झाला.

"जज्ज बाई शे," भागीरथी शेजारणीला म्हणाली. "तिना म्होरे शिवी कशी वाजाडू?"

तिने शिवी कापली, उरलेलं नव्या फाइलमध्ये ठेवलं आणि अस्सल फाइल पुसून टाकली. दोन असल्या तर कोर्टाचा गोंधळ होईल म्हणून.

धनश्रीबाईंचा कायदा नवा पण पाठांतर जुनं होतं. त्या आधी जुनं कलम ६५-ब म्हणत, मग कपाळाला हात लावून नवं ६३. रेकॉर्डिंगसोबत जोडायच्या दाखल्याचे दोन भाग असतात, त्यांनी सांगितलं. एकावर फोन ज्याच्या ताब्यात त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. शिवाय हॅश लागतो, म्हणजे फाइलचा अंगठा. एक श्वास कापला तरी तो बदलतो. भागीरथीने आपला अंगठा पुढे केला.

मग बाईंनी फाइलची तारीख पाहिली. अटकेनंतर अकरा दिवसांची. म्हणजे कागदोपत्री मुकादमाने छगनला तुरुंगात फोन करून मोटर न्यायला सांगितलं होतं.

"ताई, अस्सल कुठंय? हे आपण बनवलंय असंच म्हणतील ते."

"फक्त शिवी काढी मी," भागीरथी म्हणाली. तिचा आवाज मला रेकॉर्ड करवला नसता.

मित्रांनो, अस्सल माझ्यातच होती. कचरापेटीत. तिथे तीस दिवस राहते, मग कायमची जाते. मी रोज दिवस मोजत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. अठ्ठाविसाव्या दिवशी माझी जागा संपली, तेव्हा कंपनीने शिकवलेलं एकमेव वाक्य मला बोलावं लागलं: कचरापेटी रिकामी करू?

भागीरथीचा अंगठा 'हो'वर आला. थांबला. एकदा पुसून ती फसली होती. तिने मला तापल्या तव्यासारखं कडांना धरलं आणि रिक्षाने थेट वकीलबाईंकडे नेलं.

"हाई काय इचारस? हा म्हनू का?"

धनश्रीबाईंनी पेटी उघडली, अस्सल फाइल परत बाहेर काढली आणि वाजवली. सात सेकंद शिवी अख्ख्या ऑफिसात घुमली. टायपिस्ट थांबला. भागीरथी रडत होती.

"परत लावा," ती म्हणाली.

सुनावणी सोमवारी आहे. दाखल्यात लिहावं लागतं की यंत्र नीट चालत होतं. माझी बॅटरी फुगली आहे, पाठीचं झाकण उचलू लागलं आहे. म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी: मित्रांनो, कुणाचं बोलणं स्वच्छ करू नका. घाण असेल तर घाणीसकट जपा. छगनच्या आईला दिलेली ती शिवी आज त्याच्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. आणि मला फक्त सोमवारपर्यंत चालू राहायचं आहे.